प्रश्न कुणाच्या नावानं विचारायचा?

१९५६च्या फेब्रुवारीत आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं शेतकऱ्यांसाठी एक मालिका सुरू केली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम. शेतीवरचे कार्यक्रम रेडिओवर त्याआधीही होत असत. त्यात अप्रूप काही नव्हतं. अप्रूप होतं ते रेडिओच्या समोर. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडून प्रत्येक गावात वीसेक माणसांचं एक श्रोतृमंडळ बसवलं होतं. कार्यक्रम संपला की सेट बंद करायचा आणि ऐकलेल्यावर आपसांत बोलायचं. जे पटलं नाही, जे कळलं नाही, जे आपल्या रानाला लागू पडत नाही, ते चिटणिसानं लिहून पुण्याला धाडायचं. त्याची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून यायची. युनेस्कोच्या मदतीनं झालेल्या या प्रयोगाची मूळ कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांवरून घेतलेली होती, आणि त्याचं मूल्यमापन मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत त्या वेळी शिकवायला आलेल्या पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञानं केलं. न्यूराथनी तुलनेसाठी दुसरीही गावं घेतली होती. काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं. काहींत रेडिओही नव्हता. मंडळाच्या गावांतली माहिती ठळकपणे वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती जेमतेम हलली.

या निष्कर्षाला आता सत्तरेक वर्षं झाली, तरी तो आपल्या अंगवळणी पडलेला नाही. कम्युनिटी रेडिओ म्हटलं की आजही डोळ्यांसमोर येतो तो मनोरा, काचेमागचा स्टुडिओ आणि कानाला हेडफोन लावलेली हसतमुख निवेदिका. उद्घाटनाच्या फोटोत हेच असतं. ऐकणारा त्या फोटोत कधीच नसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की आरोग्य, रोजगार, पाणी, रेशन असल्या रोजच्या सार्वजनिक प्रश्नांवर स्थानिक रेडिओचा उपयोग व्हायचा असेल तर आधी मंडळ लागतं, यंत्र मागाहून. मंडळाशिवायचं केंद्र म्हणजे कमी ताकदीची आकाशवाणी, आणि जास्त ताकदीची आकाशवाणी सोलापूरला आणि धाराशिवला आहेच.

धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गच्या संदर्भात हे मांडायला कारण आहे. १९५६च्या त्या प्रयोगाच्या वेळी हा भाग हैदराबाद राज्यात होता. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला तो मुंबई राज्यात आला. अवघ्या पंचेचाळीस किलोमीटरवरचं सोलापूर तेव्हा मुंबई राज्यात आणि नळदुर्ग निजामी अमलातून नुकतंच बाहेर पडलेलं. पुणे केंद्राचा आवाज राज्याची सीमा ओलांडून इकडं येतही असेल, पण मंडळ सीमेच्या पलीकडंच थांबलं. दुसरं कारण प्रशासनाचं आहे. १९०४पर्यंत जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गला होतं आणि जिल्हा याच नावानं ओळखला जायचा. आज नळदुर्गला नगरपरिषद आहे, पण तालुका तुळजापूर. म्हणजे तहसील, पंचायत समिती, गटविकास अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी सगळं पस्तीसेक किलोमीटरवर. साधी चौकशी करायची तरी एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं जातं. अशा गावाला ‘विचारायचं कुणाला’ हा प्रश्न मोठ्या शहरातल्या माणसापेक्षा जास्त महाग पडतो.

आता चर्चा आणि भाषण यांतला फरक एका गोळीवरून पाहू. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. यावर रेडिओवरचं नेहमीचं भाषण ठरलेलं: पालेभाज्या खा, गूळ-शेंगदाणे खा, लोहाच्या गोळ्या नियमित घ्या. सगळं खरं, आणि सगळं ऐकणारीला आधीच माहीत. गोळ्यांची पाकिटं उपकेंद्रातून फुकट मिळतात. घरी आणलीही जातात. मग ती फडताळातल्या डब्यात तशीच का पडून राहतात? गोळीनं मळमळतं, पोट साफ होत नाही, शौचाला काळं होतं. काळं दिसलं की बाई घाबरते, शेजारणीला विचारते, शेजारीण म्हणते, ‘मी बी सोडली.’ एवढ्या दोन वाक्यांत सरकारी मोहीम संपलेली असते. हे भाषण देणाऱ्या डॉक्टरला ठाऊक नसतं असं नाही. पण भाषणात ते येत नाही, कारण कुणी विचारलेलं नसतं. दहा बायका एकत्र बसून बोलल्या तर पहिल्या पाच मिनिटांत हे बाहेर येतं. मग उत्तरही नेमकं द्यावं लागतं: काळं होणं हे लोहाचंच आहे, भ्यायचं कारण नाही, उपाशीपोटी मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या, चहासोबत घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. मळमळीचं उत्तर न देता पालेभाज्यांचं महत्त्व तिसऱ्यांदा सांगणाऱ्या कार्यक्रमाला मी आरोग्य कार्यक्रम म्हणणार नाही.

इथं एक हरकत येते आणि ती खरोखर वजनदार आहे. रेडिओचा मोठा गुण असा सांगितला जातो की तिथं तोंड दिसत नाही, म्हणून लाजरं माणूसही बोलतं. शहरातल्या केंद्राबाबत हे खरं असेल. कम्युनिटी रेडिओचा ट्रान्समीटर मात्र शंभर वॉटच्या आसपासचा, मनोरा जास्तीत जास्त तीस मीटरचा, आवाज जातो दहा-पंधरा किलोमीटर. तेवढ्या टापूत आवाज हाच चेहरा असतो. ‘हॅलो’ म्हणताच कळतं ही कुणाची सून. नाव बदललं, गाव सांगितलं नाही, तरी खोकण्यावरून माणूस ओळखणारी वस्ती आहे ही. मग अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्या पाण्याबद्दल, गर्भपिशवी काढल्यानंतरच्या दुखण्याबद्दल, मुकादमानं उचलीत कापलेल्या पैशांबद्दल फोन लावून बोलणार कोण? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशवी शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला तेव्हा शासनाच्या समितीसमोर जो आकडा आला तो असा: पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. इतक्या बायकांच्या बाबतीत घडलेली गोष्ट इतकी वर्षं सार्वजनिक बोलण्यात आली नव्हती. धाराशिव जिल्ह्यातूनही कोयते कारखान्यांकडं जातातच. नुसता फोन-इन कार्यक्रम लावून हे मौन सुटणार नाही, उलट जी एखादी धिटाईनं बोलेल तिला गावात त्याची किंमत मोजावी लागेल.

पण ही हरकत मंडळाच्या विरोधात जात नाही. ती मंडळाच्याच बाजूनं जाते. प्रश्न ‘अमकीच्या सुनेचा’ राहिला की तो लाजेचा होतो. ‘अमक्या वस्तीच्या मंडळाचा प्रश्न’ झाला की तो कामकाजाचा होतो. पुण्याला पाठवलेल्या त्या चिठ्ठ्यांमध्ये हीच युक्ती होती, बहुधा कुणाच्या मनात नसताना. मंडळातल्या बारा जणींनी मिळून ठरवलेला प्रश्न कुणा एकीच्या अंगावर येत नाही, आणि त्याचं उत्तर द्यायला बसलेल्या अधिकाऱ्यालाही ‘तक्रारदार नेहमीचीच आहे’ म्हणून तो झटकता येत नाही. कामाच्या बाबतीतही तेच. १९७२च्या दुष्काळातून वर आलेली आणि १९७७ साली कायद्यात गेलेली रोजगार हमी ही महाराष्ट्राची देशाला देणगी, असं आपण अभिमानानं सांगतो. २००५च्या केंद्रीय कायद्यानं पंधरा दिवसांत काम नाही तर बेकारी भत्ता, असं ठरवलं. या सगळ्याची किल्ली एका कागदात होती: कामाच्या मागणीचा नमुना ४ आणि त्याची तारखेची पोच. पोच नाही तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? एकट्या मजुरानं पोच मागितली तर ‘उद्या या’. चाळीस जणांनी मागितली आणि त्या रात्री ‘आज पोच मिळाली नाही’ हे वाक्य पंचक्रोशीत ऐकू गेलं, तर ‘उद्या या’ म्हणणं जरा जड जातं.

याचा ताळा पाहायचा तर नळदुर्गवरून जाणाऱ्या हमरस्त्यानंच हैदराबादकडं दीडएकशे किलोमीटर जावं. जहीराबादच्या जवळ पस्तापूर आणि माचनूर ही गावं लागतात. तिथं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायकांचे संघम गावोगाव बसत. त्यांच्यासाठी रेडिओ केंद्र १९९०च्या दशकातच उभं राहिलं, पण परवाना मिळेना. कारण तेव्हा सरकारशिवाय कुणाला प्रसारणाची मुभाच नव्हती. आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९९५मध्ये दिला होता. तरी आधी शिक्षणसंस्थांना दार उघडलं, आणि स्वयंसेवी संस्थांना नोव्हेंबर २००६मध्ये. संघम रेडिओ हवेत गेला तो १५ ऑक्टोबर २००८ रोजी. मधल्या काळात त्या बायकांनी काय केलं? कार्यक्रम ध्वनिमुद्रित केले आणि कॅसेटी संघमच्या बैठकांत टेपवर लावून ऐकल्या, ऐकून बोलल्या. नरसम्मा नावाच्याच दोघी केंद्र चालवायच्या, आणि ट्रान्समीटर मुका असतानाही त्यांचं केंद्र चालू होतं. परवाना आला तेव्हा फक्त वायर जोडायची बाकी होती. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी उलटं घडतं: परवाना येतो, वायर जोडली जाते, आणि मग ‘श्रोते कुठं आहेत’ म्हणून पाहणी करावी लागते.

नळदुर्गच्या भागाला अशी मंडळं नवीन नाहीत, फक्त ती रेडिओशी जोडली गेली नाहीत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं काम गावोगाव चाललं. त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानं गावातल्याच बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. यादीत कुणाचं नाव आहे, हप्ता कधी, सळई कुठं आणि का घालायची, अभियंता काय म्हणतो आणि त्याचा अर्थ काय, हे त्या घरोघर सांगत आणि घरोघरचं अभियंत्याला सांगत. त्याच भूकंपात उघड्यावर पडलेली मुलं नळदुर्गच्या ‘आपलं घर’ या संस्थेत वाढली. शेजारच्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं कमी शिकलेल्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून आपापल्या गावात उभं केलं. तेव्हा आशा योजनेचा पत्ता नव्हता. आणि तुळजापूरला तर १९८६पासून टाटा संस्थेचाच परिसर आहे, जिच्यात न्यूराथांचं काम झालं ती. मूल्यमापन करणारी संस्था दारात, दुवा होणाऱ्या बायका गावात. जरा विषयांतर करून सांगतो: अणदूर आणि नळदुर्गजवळचं मैलारपूर इथं खंडोबाची देवळं दोन, मूर्ती एकच. ती सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने मैलारपूरला असते, आणि नेताना-आणताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. देवाच्या बाबतीतसुद्धा तोंडी आश्वासनावर न विसंबणारा हा मुलूख आहे. पाण्याच्या टँकरच्या बाबतीत तो विसंबतो, याचं नवल वाटतं.

मोबाइल आल्यावर रेडिओ कशाला, ही हरकत सगळ्यात आधी घेतली जाते. व्हॉट्सॲपच्या गटात दोन मिनिटांत प्रश्न जातो, फोटोसकट जातो, हे खरं. पण गटात गेलेला प्रश्न हा वाहून जाणारा प्रश्न असतो. त्याच्या खाली तीन ‘शुभ सकाळ’, एक वाढदिवस आणि एक खोटी बातमी येऊन बसते. उत्तर देण्याची जबाबदारी कुणावरच नसते आणि उत्तर न दिल्याचं कुणी ध्यानातही ठेवत नाही. शिवाय गट कुणाचे? पुरुषांचे पुरुषांजवळ, पुढाऱ्याचे पुढाऱ्याजवळ. घरात फोन एक असला तर तो घरातल्या बाईच्या हातात दिवसातून किती वेळ असतो, हे ज्याचं त्यानं आठवून पाहावं. रेडिओची वेळ ठरलेली असते, ती सगळ्यांना ठाऊक असते, आणि ‘मागच्या गुरुवारी विचारलेल्या प्रश्नाचं काय झालं’ हे वाक्य फक्त ठरलेल्या वेळेच्या माध्यमातच जन्माला येतं. मंडळं जमल्यावर त्यांनी ध्वनिमुद्रण फोनवर ऐकलं तरी माझी तक्रार नाही. माझा जीव ट्रान्समीटरमध्ये अडकलेला नाही.

परवान्याच्या अटींबद्दल मात्र खरी तक्रार आहे. कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा पुनर्प्रसारित करता येतात, एवढंच. गावातल्या गटाराबद्दल बोललं तर बातमी होते की चर्चा, अशी धास्ती केंद्र चालवणाऱ्यांना असते आणि ती पुष्कळदा आळसाला सोयीचीही पडते. कारण पाणीपुरवठा, वीज, आरोग्याच्या सूचना, परीक्षा, रोजगाराच्या संधी, हवामान, आपत्ती हे विषय बातमीत धरले जात नाहीत. नळदुर्गकराच्या दिवसातले ऐंशी टक्के प्रश्न याच यादीत बसतील. दुसरी अडचण टापूची. दहा-पंधरा किलोमीटरचा आवाज तुळजापूरला पोचणारच नाही. म्हणजे ज्यांना प्रश्न विचारायचे ते अधिकारी केंद्राच्या कक्षेबाहेर बसतात. यावर तोड साधी आणि कष्टाची आहे. मंडळांचे प्रश्न घेऊन रेकॉर्डरसह माणूस तुळजापूरला जाईल, उत्तर त्यांच्याच आवाजात घेऊन येईल, आणि उत्तर मिळालं नाही तर तेही सांगेल: प्रश्न अमक्या तारखेला दिला, उत्तर आलेलं नाही. आरोप नाही, मल्लिनाथी नाही, नुसती तारीख. महाराष्ट्राच्या २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यानं अधिसूचित सेवांना मुदती घालून दिल्या आहेतच. रेडिओनं त्या मुदती फक्त मोठ्यानं मोजायच्या.

राहिला पैसा आणि पुढारी. हे दोन्ही विषय बहुधा एकच असतात. २०२४च्या सुधारित नियमांनी जाहिरातीला तासाला बारा मिनिटं दिली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४वर नेला. तेवढ्यावर वीजबिल आणि दोन माणसांचा पगार निघेल न निघेल. मग केंद्र कारखान्याच्या, पतसंस्थेच्या, आमदाराच्या दारात उभं राहतं, आणि त्यानंतर उसाच्या थकीत बिलावर चर्चा होत नाही. हा धोका मी नाकारत नाही. त्यावर माझ्याकडं हुकमी औषधही नाही. एवढं दिसतं की ज्या केंद्रांना मागं घट्ट संघटन आहे, त्यांना वाकवणं अवघड जातं. म्हसवडचं माणदेशी तरंग वाहिनी बायकांच्या बचतीच्या मोठ्या जाळ्यावर उभं आहे. जत तालुक्यातल्या जालिहाळचं येरळावाणी दुष्काळी, मराठी-कानडी गावांत आधी काम उभं राहिल्यावर मग हवेत गेलं. भाषेचा मुद्दाही त्यातून सुटतो. नळदुर्गच्या बाजारात मराठी, दखनी, कानडी आणि तांड्यावरची गोरमाटी एकाच वेळी चालते, आणि ‘पाणी कधी यायलंय?’ हे वाक्य पुण्याच्या मराठीत भाषांतर न करता माइकसमोर बोलता आलं पाहिजे. निवेदकाचं प्रमाण मराठी ऐकलं की माणूस आपोआप भाषण ऐकायच्या पवित्र्यात जातो, हात बांधतो आणि गप्प बसतो.

१९५९पासून ती श्रोतृमंडळं देशभर पसरवण्यात आली. कागदावर त्यांची संख्या हजारांत गेली आणि मंडळं विरली. उरला तो रेडिओचा सेट, तोही बिघडलेला. वर सांगितलेला सगळा युक्तिवाद इथं अडखळतो, हे कबूल करायला हवं. मंडळ हे यंत्रापेक्षा नाजूक असतं. त्याला दुरुस्तीचा माणूस लागतो, तो लक्ष्यांकातून मिळत नाही, आणि दिवाळीनंतर निम्मी वस्ती कोयता घेऊन निघून गेली की मार्च-एप्रिलपर्यंत ते रिकामंच राहतं. म्हणून नळदुर्ग, अणदूर आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर ज्या कुणाच्या मनात रेडिओ केंद्राचा विचार असेल, त्यांना विनंती: मनोऱ्याची जागा मोजण्याआधी, अर्ज भरण्याआधी, वीस मंडळं तीन महिने बसवून पाहा. त्यातली पाच तांड्यावर आणि पाच फक्त बायकांची असू द्या, आणि टोळ्या निघण्याआधीचे तीन महिने धरा. आठवड्याला एक ध्वनिमुद्रण, फोनवर ऐकता येईल असं, आणि एक वही. पहिल्या बैठकीला विषय शोधत बसायला नको. नळाला पाणी किती दिवसांआड येतं, एवढं लिहून काढा, आणि खाली मंडळाचं नाव घाला.